अंश सोपा, छेद अवघड : अमेरिकी पोलिसांच्या ट्रॅफिक स्टॉपच्या नोंदींतून वर्णभेद कसा तपासावा

एखाद्या शहरात पोलिसांनी वर्षभरात अडवलेल्या वाहनचालकांपैकी ४० टक्के कृष्णवर्णीय होते, एवढी एकच माहिती हाती घेऊन कोणी पोलिसांना वर्णभेदी ठरवले किंवा कोणी त्यांना निर्दोष ठरवले, तरी दोघांचेही म्हणणे सारखेच अधांतरी राहते. ४० टक्के हा अपूर्णांकाचा अंश झाला. छेदात कोणाला धरायचे, हे अजून ठरलेलेच नाही. शहरात राहणारे लोक धरायचे, प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवणारे धरायचे, की नियम मोडणारे चालक धरायचे? अमेरिकेत गेल्या तीस वर्षांत या विषयावर जे काम झाले, त्यातला मोठा वाटा या छेदाच्या शोधात खर्ची पडला आहे, आणि नव्याने काम करू लागलेल्या माणसाला पहिली ठेच लागते तीही इथेच.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेले, आकड्यांशी मैत्री असलेले आणि आपल्या गावातील एखाद्या नागरी समितीला किंवा स्वयंसेवी गटाला हातभार लावू पाहणारे मराठी वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. सुरुवातीला एक्सेल नीट वापरता आले तरी पुरे. आर किंवा पायथॉन या संगणकभाषा पुढे शिकता येतात. संख्याशास्त्रापेक्षा या कामाला चिकाटी जास्त लागते, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

हे काम सुरू कसे झाले

मे १९९२ मध्ये वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट विल्किन्स आजोबांच्या अंत्यविधीहून नातेवाइकांसह परतत होते. मेरीलँडमध्ये राज्य पोलिसांनी त्यांची भाड्याची गाडी अडवली. झडतीला त्यांनी संमती नाकारली, तेव्हा अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा येईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवण्यात आले आणि पावसात गाडीबाहेर उभे करण्यात आले. काहीही सापडले नाही. विल्किन्स यांनी दावा दाखल केला आणि १९९५ च्या तडजोडीत राज्य पोलिसांनी गाड्यांच्या झडतीच्या नोंदी ठेवण्याचे मान्य केले. त्या नोंदी बाहेर आल्यावर दिसले की आय-९५ महामार्गावर सुमारे १७ टक्के चालक कृष्णवर्णीय असताना झडती झालेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते, आणि मुद्देमाल सापडण्याचे प्रमाण मात्र गोऱ्या व कृष्णवर्णीय चालकांत जवळपास सारखेच, म्हणजे २८ टक्क्यांच्या आसपास होते. विल्किन्स पुढे संघराज्याच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाले.

त्याच सुमारास न्यू जर्सी टर्नपाइक या टोल महामार्गावर जॉन लॅम्बर्थ या टेंपल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञाने छेद मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न केला. त्याच्याकडे पुढे येऊच. १९९६ मध्ये त्या मोजणीच्या आधारे तेथील न्यायालयाने सोटो खटल्यातील आरोपींविरुद्धचा पुरावा बाद ठरवला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने व्हरेन खटल्यात निकाल दिला की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला गेला असेल, तर पोलिसाच्या मनातला हेतू काहीही असला तरी अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीखाली तो स्टॉप, म्हणजे गाडी अडवणे, वैध ठरतो. इंडिकेटर न देता लेन बदलली, एवढे कारणही पुरते. एकट्यादुकट्या प्रसंगात हेतू सिद्ध करणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले, आणि हजारो प्रसंगांची एकत्र मोजणी करण्याचे महत्त्व वाढले. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने अशा नोंदी सक्तीच्या करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. इलिनॉयच्या २००३ च्या कायद्यामागे त्या वेळी राज्याच्या सिनेटमध्ये असलेले बराक ओबामा होते. कॅलिफोर्नियाचा कायदा २०१५ चा असून मोठ्या पोलीस दलांनी त्याखाली जुलै २०१८ पासून नोंदी सुरू केल्या.

पहिली पायरी : कोणत्या निर्णयाची तपासणी करायची, ते लिहून काढा

एका ट्रॅफिक स्टॉपमध्ये पोलीस एकामागोमाग एक निर्णय घेत असतो. गाडी अडवायची की जाऊ द्यायची, चालकाला खाली उतरवायचे का, झडतीची परवानगी मागायची का, शेवटी तोंडी समज द्यायची, लेखी समज द्यायची, दंडाची पावती फाडायची की अटक करायची. प्रत्येक निर्णयाचा छेद वेगळा असतो. दंडाच्या निर्णयाचा छेद म्हणजे अडवलेले सगळे चालक, आणि तो नोंदींमध्येच मिळतो. अडवण्याच्या निर्णयाचा छेद नोंदींबाहेर, रस्त्यावर असतो. म्हणून माझा सल्ला असा की नवख्याने आधी स्टॉपनंतरच्या निर्णयांपासून सुरुवात करावी आणि हात बसल्यावर मगच अडवण्याच्या निर्णयाकडे वळावे. बहुतेक गट याच्या नेमके उलट करतात आणि पहिल्याच सार्वजनिक सभेत अडचणीत येतात.

दुसरी पायरी : माहिती मागवा

तुमच्या राज्यात नोंदी सक्तीच्या असतील, तर त्या बहुधा आधीच प्रसिद्ध झालेल्या असतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदी सर्वांना उपलब्ध आहेत. मिझुरीत महाधिवक्त्यांचे कार्यालय दरवर्षी अहवाल काढते. कनेक्टिकटमध्ये स्वतंत्र प्रकल्पच आहे. स्टॅनफर्डच्या ओपन पोलिसिंग प्रकल्पाने अनेक राज्यांच्या आणि शहरांच्या नोंदी मिळवून, एकसारख्या साच्यात बसवून खुल्या केल्या आहेत. आधी तिथे पाहावे, म्हणजे अर्धे कष्ट वाचतात.

ज्या शहराची माहिती तिथे नाही, तिथे अर्ज करावा लागतो. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहिण्याची सवय असलेल्यांना हे परके वाटणार नाही. फरक इतकाच की संघराज्याचा माहितीस्वातंत्र्याचा कायदा केवळ संघराज्याच्या खात्यांना लागू होतो, आणि शहराच्या किंवा काउंटीच्या पोलिसांसाठी त्या त्या राज्याचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा पाहावा लागतो. व्हर्जिनियासारख्या राज्यात हा हक्क मुख्यतः राज्याच्या नागरिकांपुरताच आहे, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायम ठेवली. तेव्हा बाहेरच्या माणसाने तिथल्या रहिवाशाला अर्ज करायला सांगावे.

अर्जात मोघम शब्द टाळावेत. ‘वर्णभेदाविषयीची माहिती द्या’ असे लिहिले, तर अशी कोणतीही माहिती आमच्याकडे नाही, असे उत्तर येते आणि ते शब्दशः खरेही असते. त्याऐवजी किमान तीन पूर्ण वर्षांतील प्रत्येक स्टॉपची एक ओळ, सर्व स्तंभांसह, संगणकाला वाचता येईल अशा फाइलच्या स्वरूपात मागावी. पीडीएफ नको, हे स्पष्ट लिहावे. सोबत तीन गोष्टी हमखास मागाव्यात. एक, पोलीस भरतात तो कोरा फॉर्म. दोन, फाइलमधील सांकेतिक अक्षरांचा अर्थ सांगणारी सूची. तीन, या काळात फॉर्म किंवा संगणकप्रणाली बदलली असल्यास बदलाची तारीख. पोलिसांची नावे मागू नयेत, पण प्रत्येक पोलिसासाठी एक कायम सांकेतिक क्रमांक मागावा. आणि ज्या स्टॉपमध्ये पावती फाडली नाही, तेही द्यावेत, हे ठळकपणे नमूद करावे. ज्याला अडवून, गाडी उलथीपालथी करून, काही न सापडल्याने सोडून दिले, त्याची नोंद दंडाच्या पावत्यांत कधीच येत नाही, आणि आपल्याला सर्वांत जास्त गरज त्याच नोंदीची असते.

तिसरी पायरी : एक ओळ हाती घेऊन वाचा

फाइल आली की लगेच बेरजा करायला बसू नये. आधी दहावीस ओळी सावकाश वाचाव्यात. नमुन्यादाखल मी रचलेली एक ओळ पाहू : १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४२; कारण – वाहनातील उपकरणाचा दोष; चालक – पुरुष, वय २३, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचा) नाही; कारवाई – तोंडी समज; झडती – होय; झडतीचा आधार – संमती; मुद्देमाल – नाही.

या एका ओळीत किती गोष्टी दडल्या आहेत, ते पाहा. कारण ‘उपकरणाचा दोष’ आहे, म्हणजे टेललाइट बंद असेल किंवा काचेवरची काळी फिल्म नियमापेक्षा गडद असेल. वेगमर्यादा फार ओलांडणे किंवा सिग्नल मोडणे यांत पोलिसाला तुलनेने कमी स्वातंत्र्य असते. बंद टेललाइट मात्र शंभर गाड्यांना असतो आणि त्यातली कोणती अडवायची, हे तो ठरवतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या सुमारे २ कोटी स्टॉपचा अभ्यास करणारे फ्रँक बाउमगार्टनर आणि त्यांचे सहकारी यांनी म्हणूनच कारणांचे दोन गट केले. वेग, सिग्नल, मद्यप्राशन, धोकादायक चालवणे हा सुरक्षिततेचा गट. उपकरण, नोंदणी, सीटबेल्ट, ‘तपास’ हा दुसरा गट. तुम्हीही पहिल्याच दिवशी ही विभागणी करून घ्यावी. सगळे स्टॉप एका ढिगात ठेवले, तर शाळेजवळच्या रस्त्यावरचा वेगमापक आणि मध्यरात्री टेललाइट शोधत फिरणारी गस्त यांची सरासरी निघते, आणि त्या सरासरीला काहीच अर्थ नसतो.

झडतीचा आधार ‘संमती’ आहे. गाडीतून गांजाचा वास आला, म्हणून घेतलेली झडती वेगळी. अटकेनंतर नियमाने होणारी झडती वेगळी. गाडी उचलून नेताना आतल्या सामानाची यादी करणे आणखी वेगळे. शेवटच्या दोन प्रकारांत पोलिसाचा निर्णय असा नसतोच. पूर्वग्रह शोधायचा, तर संमतीची आणि संशयावरची झडती बाजूला काढून तीच मोजावी लागते.

आता वर्णाचा स्तंभ. तिथे ‘कृष्णवर्णीय’ लिहिले आहे. पण हे कोणी ठरवले? चालकाने स्वतःला काय म्हटले असते, याला इथे महत्त्व नाही. पोलिसाला काय दिसले, याला आहे. पूर्वग्रह दिसण्यावर चालतो, जन्मदाखल्यावर नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांनी हे अगदी स्पष्ट केले आहे : पोलिसाने चालकाला वंश विचारायचा नाही, परवान्यावरून ठरवायचा नाही, स्वतःला जे वाटले तेच लिहायचे. त्या राज्याच्या फॉर्मवर ‘मध्यपूर्वेतील किंवा दक्षिण आशियाई’ असा वेगळा रकाना आहे, आणि फ्रीमाँट किंवा सॅन होजेमध्ये अडवलेला पुण्याचा अभियंता बहुधा त्यात जातो. नॉर्थ कॅरोलायनात असा रकाना नाही. त्या राज्यातील कॅरी शहरात तोच माणूस ‘आशियाई’ होतो, आणि त्याच्या पुढच्या ओळीतील कोरियन विद्यार्थीही ‘आशियाई’च असतो. आपल्या मंडळींना पोलीस कसे वागवतात, हे जाणून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या प्रकारच्या राज्यात ते या फाइलमधून कळणार नाही, हे गटातील लोकांना आधीच सांगावे.

चौथी पायरी : नोंदींवर विश्वास किती ठेवायचा

मी पहिल्यांदा एका शहराच्या नोंदी हाताळल्या, तेव्हा रात्री बाराच्या ठोक्याला स्टॉपचा भलामोठा मनोरा उभा राहिला. दोन दिवस आम्ही त्यावर तर्क लढवत होतो, बार बंद होण्याच्या वेळा काढत होतो. शेवटी कोणीतरी कोऱ्या फॉर्मकडे पाहिले. वेळ भरायची राहिली, की ती प्रणाली आपोआप ००.०० लिहीत असे. तेव्हापासून प्रत्येक स्तंभाची नुसती वारंवारिता मोजल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. वय ०, वय ९९, १ जानेवारी, नेमकी मध्यरात्र आणि वर्ण ‘माहीत नाही’, हे पाच पाहुणे प्रत्येक फाइलमध्ये भेटतात.

निष्काळजीपणापलीकडचाही प्रकार असतो. २०१५ मध्ये ऑस्टिनच्या केएक्सएएन या वाहिनीने दाखवून दिले, की टेक्सासचे महामार्ग पोलीस मोठ्या संख्येने हिस्पॅनिक चालकांची नोंद ‘गोरे’ अशी करत होते. याचा परिणाम दुहेरी होतो : हिस्पॅनिकांचे प्रमाण कमी दिसते आणि गोऱ्यांचे वाढते, त्यामुळे दोहोंमधील फरक गडप होतो. चालकांची आडनावे उपलब्ध असतील, तर अमेरिकी जनगणना विभागाच्या आडनावांच्या यादीशी ताडून हे तपासता येते. कनेक्टिकटमध्ये २०२३ च्या एका तपासणीत राज्य पोलिसांनी पाठवलेल्या पावत्यांच्या नोंदी न्यायालयीन विभागाच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या, तेव्हा किमान २५,९६६ नोंदींना न्यायालयात जोडीदारच सापडला नाही. पुढच्या स्वतंत्र चौकशीत यातल्या बऱ्याच गोष्टी हेतुपुरस्सर खोटेपणापेक्षा हलगर्जीपणाच्या निघाल्या. परंतु वर्णाच्या तुलनेसाठी ती आकडेवारी बिघडली, ती बिघडलीच.

धडा घ्यायचा तो असा, की एका नोंदवहीवर कधीच थांबू नये. स्टॉप सुरू होताना पोलीस वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला कळवतो, तिथे वेगळी नोंद होते. पावती न्यायालयात जाते, तिथे तिसरी नोंद होते. एका महिन्यापुरत्या का होईना, या तिन्ही वह्या समोरासमोर ठेवाव्यात. नियंत्रण कक्षात ९०० स्टॉप आणि फॉर्म ६५० असतील, तर उरलेले २५० कुठे गेले, हा तुमचा पहिला प्रश्न असावा.

पाचवी पायरी : झडती आणि मुद्देमाल

इथे छेद हातात असल्याने काम सोपे वाटते. समजा, एका वर्षात १,००० गोऱ्या चालकांपैकी ३० जणांची झडती झाली आणि ९ जणांकडे काही सापडले. १,००० कृष्णवर्णीय चालकांपैकी ९० जणांची झडती झाली आणि १८ जणांकडे सापडले. झडतीचे प्रमाण ३ टक्के आणि ९ टक्के, म्हणजे तिप्पट. पण पोलीस म्हणतील, आम्हाला तिथे संशयाला जागा जास्त होती. मग यशाचे प्रमाण पाहा : ९ भागिले ३०, म्हणजे ३० टक्के, १८ भागिले ९०, म्हणजे २० टक्के. संशय जर खरोखर तितकाच पक्का असता, तर यशही तितकेच यायला हवे होते. कृष्णवर्णीयांची झडती कमी पुराव्यावर घेतली जाते, असा अंदाज यावरून बांधता येतो. नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी रुजवलेला हा विचार आहे, आणि शहराच्या बैठकीत तो पटकन समजतो.

तो समजतो म्हणूनच त्याची मर्यादाही सांगणे भाग आहे. समजा, पोलीस एकच नियम सर्वांना लावतो : मुद्देमाल असण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त वाटली, की झडती. एका समूहात संशयित चालकांबाबत ही शक्यता ६० टक्के आहे, दुसऱ्यात ४० टक्के. दोन्हींतले बाकीचे चालक ५ टक्क्यांवर आहेत. पोलीस दोन्हीकडे फक्त संशयितांची झडती घेईल, त्याचा नियम तसूभरही बदललेला नसेल, आणि तरीही यशाचे प्रमाण ६० आणि ४० असे वेगळे येईल. म्हणजे यशातला फरक नेहमीच पूर्वग्रहातून येतो असे नाही, आणि फरक नसला म्हणून पूर्वग्रह नसतोच असेही नाही. स्टॅनफर्डच्या गटाने यासाठी उंबरठा, म्हणजे किती संशयावर झडती घेतली जाते ती पातळी, ताडण्याची वेगळी संख्याशास्त्रीय पद्धत काढली. सुमारे १० कोटी स्टॉपवरील त्यांच्या २०२० च्या शोधनिबंधात कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक चालकांच्या झडतीचा उंबरठा गोऱ्यांपेक्षा खाली असल्याचे आढळले. नवख्याने ती पद्धत स्वतः चालवायची गरज नाही. मात्र झडतीचे प्रमाण आणि यशाचे प्रमाण हे दोन आकडे नेहमी जोडीने द्यावेत, एकटे कधीही देऊ नयेत.

सहावी पायरी : रस्त्यावरचा छेद

आता अवघड भाग. सर्वांत सोपा छेद जनगणनेचा, आणि सर्वांत फसवाही तोच. शहरात राहणारा प्रत्येक जण गाडी चालवत नाही, चालवणारा प्रत्येक जण तिथे राहत नाही, आणि महामार्ग जवळून जात असेल तर अडवलेल्यांपैकी बरेच जण परगावचे असतात. जनगणनेशी केलेली तुलना पहिल्या पानावर दिली, तर पोलीसप्रमुख पहिल्याच मिनिटात ती खोडून काढतात आणि उरलेला अहवाल कोणी वाचत नाही.

लॅम्बर्थने न्यू जर्सीत छेद खरोखर मोजला. त्याचे निरीक्षक दुर्बिणी घेऊन टर्नपाइकच्या कडेला बसले आणि यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या वेळी जाणाऱ्या ४० हजारांहून अधिक गाड्यांत कोण बसले आहे, ते त्यांनी टिपले. शिवाय वेगमर्यादा ताशी ५५ मैल असताना एक गाडी क्रूझ कंट्रोलवर, म्हणजे वेग आपोआप स्थिर ठेवून, ६० ने सोडली. तिला मागे टाकून जाणारा तो नियम मोडणारा, असा साधा हिशेब. सुमारे १३.५ टक्के गाड्यांत कृष्णवर्णीय प्रवासी होते, नियम मोडणाऱ्यांत १५ टक्के. आणि अडवलेल्यांत मात्र ३५ टक्क्यांच्या आसपास. जवळपास सगळेच वेगमर्यादा ओलांडत होते, म्हणजे पोलिसाला कोणालाही अडवता आले असते. ही पद्धत अजूनही भक्कम आहे, पण महामार्गापुरती, आणि माणसे व पैसा असेल तरच. दुसरा मार्ग अपघातांच्या नोंदींचा आहे : दोन गाड्यांच्या टकरीत ज्याची चूक नव्हती, तो चालक रस्त्यावरच्या चालकांचा बऱ्यापैकी यादृच्छिक नमुना असतो.

परंतु स्वयंसेवकांना घरबसल्या करता येईल अशी पद्धत म्हणजे अंधाराची. जेफ्री ग्रोगर आणि ग्रेग रिजवे यांनी २००६ मध्ये ओकलंडच्या नोंदींवर ती मांडली. उजेडात पोलिसाला चालकाचा चेहरा अडवण्याआधी दिसू शकतो, अंधारात दिसणे कठीण असते. तर मग वर्ण पाहून अडवले जात असेल, तर अडवलेल्यांमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण अंधार पडल्यावर कमी व्हायला हवे. छेद न मोजताच त्याला वळसा घालण्याची ही युक्ती आहे.

दुपारची रात्रीशी तुलना मात्र करू नये, कारण दुपारी दोनला आणि रात्री अकराला रस्त्यावर निरनिराळे लोक असतात. घड्याळातली वेळ तीच ठेवून ऋतू बदलायचा. नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी रालेमध्ये डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये साडेआठच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात ही वेळ हिवाळ्यात काळोखाची आणि उन्हाळ्यात लख्ख उजेडाची, पण कामावरून घरी परतणारी माणसे साधारण तीच. साडेपाच ते नऊ या पट्ट्यातले स्टॉप घ्यावेत, पंधरा-पंधरा मिनिटांचे गट करावेत, आणि प्रत्येक गटात उजेडातले व अंधारातले प्रमाण ताडावे. सूर्यास्ताच्या वेळा तारखेनुसार आणि अक्षांशानुसार काढणारी तयार साधने मिळतात. सूर्यास्तापासून सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा काळ, ज्याला आपण कातरवेळ म्हणतो आणि खगोलशास्त्रज्ञ नागरी संधिप्रकाश म्हणतात, तो धड उजेड नाही की धड अंधार नाही. तेवढे स्टॉप वगळावेत. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळे पुढेमागे होतात, त्या रविवारच्या अलीकडचे आणि पलीकडचे काही आठवडे विशेष मोलाचे, कारण ऋतू तोच राहून त्याच घड्याळी वेळेला अचानक उजेड किंवा अंधार येतो. मुंबईत हीच पद्धत वापरायची म्हटली, तर सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या आसपासच फिरतो आणि घड्याळही हलत नाही; पट्टा इतका अरुंद, की हाती फारसे काही लागले नसते.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. हेडलाइट किंवा टेललाइट बंद असल्याचे स्टॉप या तुलनेतून काढावेत, कारण तो दोष अंधारातच दिसतो. आणि झगझगीत दिव्यांचे रस्ते व काळ्या काचा यांमुळे उजेड-अंधारातला भेद पुसट होतो, म्हणून या पद्धतीत फरक दिसला नाही तर ‘पूर्वग्रह नाही’ असे लिहू नये. ‘या पद्धतीने आढळला नाही’ एवढेच लिहावे.

सातवी पायरी : लहान संख्या आणि माणसांची नावे

ज्या खान्यात तीसपेक्षा कमी स्टॉप आहेत, तिथे टक्केवारी छापू नये, संख्या छापावी. बारापैकी तीन, असे लिहिले की वाचक आपोआप सावध होतो; २५ टक्के लिहिले की तो सावध होत नाही. एखाद्या पोलिसाची तुलना करायची, तर त्याच भागात, त्याच पाळीत गस्त घालणाऱ्या इतरांशीच करावी. निकाल सांकेतिक क्रमांकानेही जाहीर करू नये. लहान दलात कोणता क्रमांक कोणाचा, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळते. चालकांबाबतही तेच. वय, तारीख, वेळ आणि चौक एकत्र छापले, तर शेजाऱ्याला माणूस ओळखता येतो.

आठवी पायरी : प्रसिद्ध करण्याआधी

अहवालाचा कच्चा मसुदा, सूत्रांसकट, पोलीस दलाला पंधरा दिवस आधी पाठवावा. गटातील तरुणांना हा मिळमिळीतपणा वाटतो. पण कोणत्या प्रकारचे स्टॉप कमी करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच कार्यालयात असतो. नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिलमध्ये २०१३ नंतर पोलीसप्रमुख हॅरल्ड मेडलॉक यांनी उपकरण-नोंदणीच्या स्टॉपऐवजी सुरक्षिततेच्या स्टॉपवर भर द्यायला लावला, तो असल्याच आकड्यांच्या दबावाखाली. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये कायदा करून काही किरकोळ दोषांसाठी गाडी अडवणेच बंद केले.

आमच्या मसुद्यावर त्या पंधरा दिवसांत एकच उत्तर आले, तेही एका पानाचे. दोन ठिकाणच्या नाकाबंदीतले स्टॉप आम्ही उपकरणाच्या स्टॉपमध्ये मिसळले होते. नाकाबंदीत प्रत्येक गाडी थांबवतात, तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या ओळी काढून सगळे पुन्हा मोजले. फरक थोडा बदलला, नाहीसा झाला नाही. अहवालात आम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, आणि त्यांचे ते एक पान परिशिष्ट म्हणून जसेच्या तसे जोडले.